मुख म्हंजी तोंड

माझा आवाज ऐकला नाही असं म्हणणारा माणूस राहुरी तालुक्यात भेटला, तर तो एकतर बहिरा असेल नाहीतर कालच जन्मलेला. लग्नात अक्षता पडायच्या आधी पाव्हण्यारावळ्यांचं स्वागत करतो तो मी. कारखान्याचा हंगाम सुरू होताना माईकवर असतो तो मी. विद्यापीठाच्या कृषी प्रदर्शनात "एक पाकीट सापडलं आहे, खूण पटवून न्यावं" असं सांगतो तोही मीच, आणि ते पाकीट न्यायला दरवेळी सतराजण येतात. एकदा मुळा धरणाच्या काठी एका लग्नात मी "सावधान" असं काही लांबवलं, की पाण्यापलीकडच्या दुसऱ्या मांडवातल्या नवरीनं त्यावरच माळ घालून टाकली. त्यांचा भटजी तोवर चहा पीत होता. त्या जोडप्याला आता दोन मुलं आहेत, आणि दोन्ही मोठ्यानं बोलतात.

यातलं खरं किती, ते विचारू नका. माझ्या बायकोनं विचारायचं सोडून दिलं त्यालाही वर्षं झाली. पण पुढं जे सांगणार आहे त्यात मी काही वाढवलेलं नाही. वाढवायला त्यात जागाच नव्हती.

शब्द मला आवडतात ते त्यांच्या वाजण्यावरून. अर्थ ज्याचा त्यानं बघावा. 'भूमिपूजन' म्हणताना ओठ कसे भरून येतात, 'लोकाभिमुख' म्हटलं की भोंगा कसा थरथरतो, हे ज्यानं माईक धरलाय त्यालाच कळेल. तर काही वर्षांपूर्वी आमच्याकडं एका तपासणी शिबिराची दवंडी माझ्याकडं आली. रिक्षाला भोंगा बांधला आणि मी कालव्याच्या रस्त्यानं वस्त्यावस्त्यांवरून निघालो. कागदावर शब्द होता 'गर्भाशयमुख'. काय शब्द! 'ग'वर दम धरायचा, 'श'ला जरा टेकायचं, आणि 'मुख' असं सोडून द्यायचं की उसातला कोल्हा उठून बसला पाहिजे. "गर्भाशयमुख कर्करोग तपासणी शिबिर! तीस वर्षांवरील सर्व माता-भगिनींनी लाभ घ्यावा!" दिवसभर मी तो शब्द असा वाजवला की संध्याकाळी माझा मलाच अभिमान वाटत होता.

त्याच रस्त्यावर माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची वस्ती. तिनं माझा आवाज लांबूनच ओळखला आणि पाण्याचा तांब्या घेऊन रस्त्यावर येऊन उभी राहिली. मी रिक्षा थांबवली.

"काय रं, सकाळधरनं वरडतुयास. घसा हाय का घंगाळ?" तिनं तांब्या दिला. "कसलं शिबिर हाय?"

"कर्करोगाचं. गर्भाशयमुख."

"मुख म्हंजी तोंड ना?"

"तोंडच की."

"मंग मिश्रीवाल्या बायांचं आसंल." अक्का हसली. "मी तर कवाच सोडली. ह्ये बघ." आणि भर रस्त्यात तिनं मला दात दाखवले. लहानपणी ऊस सोलायचे तेच दात. "आमच्या सासूबाईंना धाडते. त्यांच्या तोंडात मिश्रीचं पोतंच आसतंय."

मी पाणी प्यालो, तांब्या परत दिला आणि पुढच्या वस्तीवर जाऊन पुन्हा 'मुख' सोडलं.

अक्काची सासू खरंच गेली. सत्तरी ओलांडलेली बाई नर्सपुढं बसली आणि आ वासला. नर्स म्हणाली, "आजी, हे तोंड नाही." म्हातारी म्हणाली, "मंग दुसरं कुठनं आनू?" तिनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळे हसून हसून लोळलो. पुढं दोन-तीन वर्षं प्रत्येक लग्नात जेवणाच्या पंगतीला मी हा किस्सा माईकवर सांगत होतो, आणि मठ्ठ्याचे ग्लास सांडेपर्यंत लोक हसत होते. ते दुसरं तोंड कोणतं, हे त्या हसण्यात कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

ज्या साली मी तो किस्सा सांगायचा बंद केला, त्या साली अक्का आजारी पडली.

आमच्याकडं बाईचं आजारपण बायकाच काढतात. पुरुषांनी गाडी आणायची, डबा पोचवायचा, दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली उभं राहायचं. नगरच्या दवाखान्यात मी असाच उभा होतो. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, आतून आले. हातात टॉवेल होता, तो पिळत होते. मी विचारलं, "काय म्हनले डॉक्टर?"

"कॅन्सर हाय." जरा थांबून म्हणाले, "तोंडाचा."

संपलं. त्या एका शब्दावर आम्ही सगळ्यांनी घर बांधलं. तोंडाचा म्हणजे मिश्रीचा. सोडली होती, पण आधी लावत होती ना? दाजींनी घरी जाऊन आईची मिश्रीची डबी कालव्यात भिरकावली. मी चौकात भाषण दिलं, आणि आठवड्याभरात शंभर बायांनी मिश्री सोडली. बरं, दहा. बरं, माझ्या चुलतीनं सोडली. अक्का नगरहून लाईट, म्हणजे किरणांचा शेक, घेऊन आली की खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडायची, आणि कुणी पुरुष आत आला की पदर तोंडाला लावायची. शेवटी शेवटी तर तो पदर निघतच नव्हता. बोलणंही थांबलं. आम्हांला वाटायचं, तोंडच सडलंय बिचारीचं, बोलेल कशी? लेकीशी पण ती बोलायची नाही, नुसता हात धरून ठेवायची. त्या पदराआडच ती गेली.

लेक तेव्हा लहान होती. माझी एकुलती भाची. आता ती नववीत आहे, शाळेत पहिली येते असं मी सगळीकडं सांगतो, तिसरी येते. तिची एक खोड आमच्या सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. सकाळी दात घासले की ती मोबाईलची बॅटरी लावून आरशापुढं उभी राहायची आणि आ करून तोंडाचा कोपरान् कोपरा बघायची. जिभेखाली, गालाच्या आत, हिरडीला. एखादा पांढरा ठिपका दिसला की दिवसभर गप्प. लग्नात बडीशेपसुद्धा खायची नाही. मी थट्टा करायचो, "अगं, एवढं तर दाताचा डॉक्टर बघत न्हाई." ती म्हणायची, "मामा, आईला पन आदी बारीकच आसंल ना?"

तर आता मॅडम. राहुरीत लहान मुलांच्या डॉक्टर आहेत. बाई हुशार, पण आवाज असा की शेजारी बसलेल्या माणसालाही वाटावं, फोनवर बोलतायत. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी निवेदन करत होतो, ते ऐकून त्यांनी मला गाठलं.

"तुम्ही बोललात की लोक जागचे हलत नाहीत," त्या म्हणाल्या. "मला आठवी-नववीच्या मुलींच्या पालकांशी एका लशीबद्दल बोलायचंय. तुम्ही फक्त त्यांना बसवून द्या. पुढं मी बघते."

"मॅडम, बसवतो काय, उठून जाईल त्याला मी नावानिशी हाक मारीन."

आणि बसवले. शाळेचा हॉल भरला. चहा होता, वडा होता, माझी प्रस्तावना होती, ती वड्यापेक्षा तिखट होती. दाजीही आले होते, मागच्या बाकावर टोकाला. मी माईक मॅडमच्या हातात दिला. आवाज पोचेना म्हणून पुन्हा माझ्याच हातात घेऊन त्यांच्या तोंडापुढं धरला.

मॅडम म्हणाल्या, "ही लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवते." माझा जुना मित्र आला! मी मान डोलावली. मग त्या म्हणाल्या, "गर्भाशयमुख म्हणजे आपल्या भाषेत पिशवीचं तोंड."

पिशवी आमच्याकडं कुणाला शिकवावी लागत नाही. पिशवी खाली आली, पिशवी काढली, पिशवीला गाठ आहे. बायका बोलतात, पुरुषांच्या कानावर पडतं, आणि पुरुष ऐकलं नाही असं दाखवतात. पण पिशवीला तोंड असतं, आणि मी रिक्षातून दिवसभर जे वाजवलं ते 'मुख' म्हणजे तेच, हे मला त्या क्षणी कळलं. माईक माझ्या हातात होता. माझी नजर आपोआप मागच्या बाकाकडं गेली. सगळा हॉल मॅडमकडं बघत होता. एकटे दाजी खाली मान घालून चपलेचा अंगठा बघत होते. त्यांना नवल वाटलेलं नव्हतं. तेव्हा मला समजलं की अक्काचं दुखणं याच तोंडाचं होतं, आणि त्यांना ते पहिल्यापासून माहीत होतं. नगरच्या लिंबाखाली त्यांनी अर्धा शब्द मला दिला होता आणि अर्धा टॉवेलात पिळून ठेवला होता.

मॅडम पुढं बोलत होत्या. त्यांनी सगळं बरोबरच सांगितलं, यात शंका नाही. पण कसं सांगितलं बघा. म्हणाल्या, "हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. म्हणून लस त्याच्या आधी द्यायची, याच वयात."

पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर सावरले. मग एक मिशाळ बाप उठला.

"मॅडम, आमच्या पोरी नववीत हायेत."

"म्हणूनच."

"म्हनूनच म्हंजी?" मिशा थरथरल्या. "आमच्या पोरी तसल्या न्हाईत. घर ते शाळा, शाळा ते घर."

"तसं नाही हो..."

"मंग कसं?"

पुढच्या रांगेतली एक आजी मधेच म्हणाली, "पिशवीला सुई टोचायची व्हय? पुढं लेकरू कसं ऱ्हायाचं?"

"सुई दंडात देतात, आजी. मुलं होण्याशी काही संबंध नाही."

"दंडातनं पिशवीतच जाती की. रगत काय वेगळं वेगळं हाय का?"

"लग्न जमलं की बघू," एक आई समजूतदारपणे म्हणाली. "सासरच्या लोकांस्नी इचारून."

"तोवर उशीर होईल."

"लग्नाला?" कुणीतरी मागून ओरडलं, आणि हॉल हसला.

"आन् पोरांना न्हाई का दिऊन चालत?" हे एका तरण्या बाईनं विचारलं.

"चालतं. त्यांनाही देता येते."

"मंग त्यांनाच द्या की आदी. रोग तेच आनत्यात." आता बायका हसल्या आणि पुरुष वड्याकडं बघायला लागले.

अशा वेळी सभा सावरणं हा माझा धंदा. एक किस्सा टाकायचा, हसवायचं, हसता हसता मुद्द्यावर आणायचं. किस्सा तयारही होता. म्हातारी नर्सपुढं आ वासून बसली तो. तो ओठांवर आला आणि तिथंच राहिला. आभार मानायचे होते, तेही मला जमलं नाही, हेडमास्तरांनी मानले. लोक वडे खाऊन गेले. दाजी सगळ्यांच्या आधी गेले, वडा न खाता.

घरी येऊन मी बायकोला विचारलं, "अक्काला काय झालं होतं, तुला माहीत होतं?"

ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "आम्हां सगळ्या बायांना माहीत होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्हांला सांगायचं आन् भोंग्याला सांगायचं, काय फरक हाय?" भाकरी तव्यावर पडली. मग जरा हळू म्हणाली, "अक्कांनीच शपथ घातली होती. म्हणाल्या, माझ्या भावाला कळू दिऊ नगा. त्यो माईकवर सांगनार न्हाई, पर त्याच्या तोंडावरून साऱ्या गावाला कळंल."

इतकी वर्षं मला वाटत होतं, या तालुक्यात माझ्या तोंडाचा सगळ्यांना उपयोग आहे.

दाजींकडं गेलो तेव्हा ते कांद्याच्या चाळीत सडका कांदा निवडत होते. मीही शेजारी बसून निवडायला लागलो. एक पाटी भरली, दुसरी लावली, एकही किस्सा न सांगता, आणि माझ्या बाबतीत हा चमत्कारच समजा.

"दाजी," मी म्हटलं, "अक्काचं मला कळलं. पिशवीचं हुतं ते."

त्यांनी एक कांदा दाबून बघितला, चांगला निघाला, तरी सडक्यांत टाकला.

"मंग आता काय? सांगा माईकवर."

"पोरीला ती सुई देऊ या. तिच्या आईला जे झालं ते तिला हू नये म्हनून तर हाय ती."

"ती सुई दिली का लोक इचारत्याल, हिलाच का? आई कशानं गेली मंग? आन् त्यो रोग कशातनं येतो, ते तर परवा मॅडमनी साऱ्या शाळेला सांगितलंच." त्यांचा आवाज चढला. "मला नगरच्या डॉक्टरनं तवाच सांगितलं हुतं. पोरगंच हुतं त्ये. वऱ्हांड्यात, शे-दोनशे मानसांत, चालता चालता. 'संबंधातून येतो हा.' एवढंच बोललं आन् दुसऱ्या पेशंटकडं गेलं. मी तितंच उभा. पाव्हणं, मी कुठं गेल्तो सांगा? कारखान्यावर ऊस घालाया गेलो तरी मुक्काम केला न्हाई कदी. मंग म्हनलं, मी न्हाई तर..."

त्यांनी पाटी पुढं ओढली. मी कांदा हातात धरून बसलो.

"एकदाच इचारलं तिला," दाजी म्हणाले. "खाटंवर पडली हुती. म्हनलं, खरं सांग, कुटनं आनलंस ह्ये? ती काय बोलली न्हाई. माझ्याकडं बघितलं आन् पदर तोंडाला लावला. मंग त्यो काढलाच न्हाई."

मी आजवर हजारभर लग्नं लावली, पंचवीस आमदारांचे सत्कार केले, एका बैलाची श्रद्धांजलीसुद्धा वाचली. तिथं मला एक शब्द सुचला नाही. तो पदर आम्ही रोगाचा समजत होतो. पाहुणे यायचे, पदर बघायचे, बाहेर येऊन म्हणायचे, 'तोंडाचा लई वाईट.'

शेवटी एवढंच म्हणालो, "दाजी, मॅडमला एकदा इचारू. मी काय बोलनार न्हाई. तुमीच इचारा."

"तुमी बोलनार न्हाई?" इतक्या दुःखातही त्यांनी माझ्याकडं संशयानं बघितलं.

मॅडमनी आम्हांला शेवटी, पेशंट संपल्यावर आत घेतलं. त्यांनी दार लोटून घेतलं. दाजींना पाणी दिलं आणि विचारलं, "तुमच्या मनात काय आहे?" शाळेत त्यांनी हे कुणालाच विचारलं नव्हतं. दाजींनी थांबत थांबत सगळं सांगितलं. वऱ्हांडा, तो तरणा डॉक्टर, ते एक वाक्य, खाट, पदर. मी कबूल केल्याप्रमाणं गप्प होतो. त्यासाठी जीभ दाताखाली धरून ठेवली होती.

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या पायात कधी खिळा गेलाय?"

"गेलाय की. शेतकरी मानूस."

"धनुर्वाताचं इंजेक्शन घेताना कुणी विचारलं का, कुठल्या खिळ्याचा, कुणाच्या वावरातला?"

"न्हाई."

"मग हाही एक जंतूच आहे. इतका सगळीकडं पसरलेला, की लग्न झालेल्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधीतरी लागून जातो. बहुतेकांचा आपोआप जातो, कळतसुद्धा नाही. काही बायकांत तो राहतो. का राहतो ते नीट सांगता येत नाही. आणि राहिला तर कॅन्सर व्हायला कितीतरी वर्षं जातात. तो कधी आला, कुठून आला, हे कुठलाच डॉक्टर तपासून सांगू शकत नाही. त्यावरून कोण कसं वागलं, हे ठरवताच येत नाही."

दाजी त्यांच्याकडं बघत राहिले. "म्हंजी तिची काय चूक नव्हती?"

"नाही. तुमचीही नाही."

"मंग त्या डॉक्टरनं ह्ये का न्हाई सांगितलं?"

मला वाटलं, मॅडम आता त्या डॉक्टरची बाजू घेतील. त्या म्हणाल्या, "गर्दी असते. रोग कुठून येतो ते आम्ही घाईनं सांगून टाकतो. त्याचा माणूस काय अर्थ लावील, ते सांगायचं राहून जातं. मी परवा शाळेत तेच केलं की. सुरुवातच तिथून केली. सुरुवात करायला पाहिजे होती ती, ही लस कॅन्सरची आहे, इथून."

दाजींनी टॉवेल चुरगाळला. मग म्हणाले, "आता ह्ये तिला कोन सांगनार?"

कुणाला, ते आम्हां तिघांनाही कळलं. आणि त्या बाईला सांगायची सोय राहिलेली नव्हती.

पुढच्या आठवड्यात ते भाचीला घेऊन दवाखान्यात आले. मला निरोप होता, म्हणून मीही गेलो. पंधरा पुरी व्हायच्या आत असेल तर दोनच सुया, त्यापुढं तीन, असं मॅडमनी सांगितलं होतं. भाचीला पंधरावं चालू होतं. भाचीनं खुर्चीवर बसल्या बसल्या सवयीनं विचारलं, "मॅडम, ही तोंडाची लस हाय ना? आईला झाल्ता त्याची?"

मॅडमनी दाजींकडं बघितलं. दाजी म्हणाले, "तुमीच सांगा तिला. माझ्या तोंडातनं निघत न्हाई."

मग मॅडमनी तिला सांगितलं. त्या बारीक आवाजात, सावकाश. शब्द 'पिशवीचं तोंड' असाच वापरला. चित्र काढून दाखवलं. आईला तिथं आजार होता, ही सुई त्याच आजाराची आहे, आणि सुई घेतली तरी मोठेपणी तपासणीला जायचंच. "शिबिराचा भोंगा ऐकलास की जायचं. आता कोणतं तोंड ते तुला माहीत आहे." भाचीनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरचं बाळाचं चित्र बघत होतो.

"मंग मी रोज उगाच आरशात बघती व्हय?" ती म्हणाली आणि हसली. खरंच हसली, खांद्यावरचं पोतं उतरावं तशी. आणि त्याच हसण्यात तिच्या काहीतरी लक्षात आलं.

"म्हंजी आईचं तोंड चांगलं हुतं?"

"चांगलं होतं," मॅडम म्हणाल्या.

"मंग ती माझ्याशी बोलत का नव्हती?"

हा प्रश्न डॉक्टरचा नव्हता. मॅडमनी सुई बाजूला ठेवली. दाजींनी टॉवेल उचलला आणि तोंडाला लावला, अगदी अक्कासारखा.

भाचीनं एकदा बापाकडं बघितलं. मग स्वतःच बाही वर केली आणि दंड पुढं केला. मॅडमनी सुई दिली. कापूस धरला. म्हणाल्या, "थोडा वेळ बाहेर बाकावर बसा, मग जा. काहींना चक्कर येते."

आम्ही तिघं बाकावर बसलो. दाजी मधे, भाची एकीकडं, मी दुसरीकडं. समोर एक बाळ रडत होतं. ती शांतता भरून काढायला माझ्याकडं तीन किस्से तयार होते. दाजींनी टॉवेल तोंडावरून काढला, घडी करून गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, "मी एक बोललो हुतो तिला. ऐक, सांगतो."

आणि मी, कुणी ऊठ न म्हणता, उठून बाहेर गेलो.

दाजींनी तिला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. अशा जागी मी काहीतरी रचून सांगेन, असं मला ओळखणाऱ्या कुणालाही वाटेल. नाही सांगणार. रस्त्याच्या पलीकडून दवाखान्याच्या काचेतून दिसलं तेवढं सांगतो. भाचीनं दंडावरचा कापूस दाबून धरला होता, दाजी बोलत होते, आणि ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती.